पुस्तक इमारतीतच आहे

नव्या वाचनालयाच्या काचेच्या दारावर केवलराम टेंभरे यांचं नाक आपटलं, तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि दुर्गेश्वरीच्या पुढे रांगेत एकतीस जण उरले होते.

नाकाचं नंतर पाहू, आधी दुर्गेश्वरीचं. ही केवलरामजींची धाकटी मुलगी, नर्सिंग झालेली. सरकारी दवाखान्यातल्या परिचारिकांच्या भरतीत मागच्या खेपेला एका मार्कानं राहिली. यंदा यादीत नाव आलं आणि आज मूळ कागदपत्रांची तपासणी होती. दुपारी एकला टेबल बंद. एखादा कागद कमी पडला तर नाव खाली आणि प्रतीक्षायादीतलं पुढचं नाव वर. सव्वादहाला तिनं रांगेतून फोन केला होता, "बाबूजी, फाइलमंदी जात वैधताचं ओरिजिनल नाही."

"माह्याजवळ आहे," केवलरामजी म्हणाले. "वेगळं ठेवलं होतं. आणून देतो."

वेगळं ठेवलं होतं हे अगदी खरं. इतकं वेगळं की आता ते घरातही नव्हतं.

केवलरामजींची दवनीवाडा या गावी सात एकर धानाची शेती आणि राहत्या मुर्रीत, शहराच्या कडेला, बियाण्याचं दुकान. पण त्यांची कीर्ती धानाची नव्हे, कागदांची. अख्ख्या मुर्रीत कुणाला अर्ज लिहायचा असला, दाखला काढायचा असला की पावलं टेंभऱ्यांच्या ओसरीकडे वळत. त्यांच्या कपाटात फायली अशा उभ्या असत की पाहणाऱ्यानं आपोआप चप्पल काढावी. जात वैधतेचं प्रमाणपत्र हाती आलं त्या दिवशी शेजारचे उमेंद्रजी सल्ला द्यायला हजर झाले. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून उमेंद्रजी हे एवढं एकच काम पूर्णवेळ करतात. लॅमिनेशन नोको, साहेब लोक घेत नाहीत. घडी नोको, शिक्का उडते. प्लास्टिकच्या पन्नीत नोको, शाई चिकटते. मग? "जाड्या पुस्तकात दाबून ठेवा. शंभर साल काही होत नाही."

घरातलं सर्वांत जाड पुस्तक मशरूम लागवडीचं होतं. तेही उमेंद्रजींच्याच सल्ल्यानं आणलेलं, निर्मलाबाईंच्या कार्डावर, या नव्या वाचनालयातून. केवलरामजींचं वाचन सहाव्या पानावर थांबलं होतं. त्यांनी प्रमाणपत्र मधोमध ठेवलं आणि सुरक्षिततेसाठी ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. बायकोलाही नाही. मग पुस्तकाची मुदत संपल्याचा मेसेज निर्मलाबाईंच्या मोबाइलवर आला आणि त्या सरळ बाईनं काल ते वाचनालयाच्या परतीच्या खिडकीत टाकून दिलं. आज सकाळी घराबाहेर पडताना तसं सांगितलंही. केवलरामजी तेव्हा पोहे खात होते. "बरं झालं," असं ते म्हणाले होते.

आता दार. ते ढकलायचं नव्हतं.

"काकाजी, धक्का नोका देऊ," आतून पहारेकरी मनिराम ओरडला. "बस खडे रहो. आपोआप खुलते."

केवलरामजी खडे राहिले. दार उघडलं. आत गारवा होता, चकाकणारी फरशी होती आणि कमरेएवढ्या उंचीचं लोखंडी फाटक होतं. कार्ड लावल्याशिवाय ते फाटक हलत नव्हतं. कार्ड निर्मलाबाईंच्या पर्समध्ये. निर्मलाबाई याच इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात, बचत गटाच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणात. म्हणजे एका फोनवर काम होतं. पण तो फोन केला असता तर 'काऊन आले?' या प्रश्नाला उत्तर द्यावं लागलं असतं, आणि एकतीस वर्षांच्या संसारात 'तुमचा कागद हरवला असंल, माझा कधी हरवत नाही' हे वाक्य केवलरामजींनी इतक्या वेळा उच्चारलं होतं की तिसरा मजला सोडून जगात कुठंही जायची त्यांची तयारी होती.

"कार्ड नाही तर पाहुणा म्हणून नोंद करा," मनिराम म्हणाला. "मशीनमंदी नंबर टाका. ओटीपी येते."

नंबर टाकला. ओटीपी आला नाही.

"अंदर टावर नाही लागत. बाहर जावं लागते."

केवलरामजी बाहेर गेले. ओटीपी आला. आत येऊन टाकला, तर मशीन म्हणालं, वेळ संपली. पुन्हा मागितला, पुन्हा बाहेर धावले. या वेळी आकडे तोंडानं घोकत परतले, पण दार उघडायला जरा उशीर झाला आणि मघाच्याच जागी नाक पुन्हा आपटलं. त्या धक्क्यानं शेवटचे दोन आकडे निसटले. तिसऱ्या खेपेला मनिरामला दया आली. तो स्वतः दारात उभा राहून दार उघडं ठेवू लागला. पासष्ट वर्षांचे केवलराम टेंभरे, पांढऱ्या शर्टाला पेन लावलेले, "चार-सात-सात-एक, चार-सात-सात-एक" म्हणत बाजाराकडून धावत आत आले, तेव्हा बाहेरच्या चहावाल्यानं टाळी वाजवली.

"काकाजी, एवढ्या गडबडीत आहा," फाटक उघडता उघडता मनिराम म्हणाला. "काही हरवलं आहे का तुमचं?"

प्रश्न साधा होता. उत्तरही तोंडाशी आलं होतं. पण नेमक्या त्याच वेळी मागून ओळखीचा आवाज आला, "अरे केवलरामजी! तुमी इथं?"

उमेंद्रजी. ते रोज इथं येऊन पाच वर्तमानपत्रं फुकट वाचतात आणि त्यांतल्या बातम्या संध्याकाळी मुर्रीत घरोघर पोचवतात. यांना कळलं की संपलं, संध्याकाळपर्यंत मुर्रीतलं शेंबडं पोर विचारायला येणार.

"हरवलं?" केवलरामजी ताठ झाले. "माह्यं कायले हरवंल? वाचायले आलो."

फोन वाजला. "बाबूजी, सतरा नंबर चालू आहे. माहा एक्केचाळीस."

"निघालोच," केवलरामजी म्हणाले आणि पहिल्या मजल्याचा जिना चढू लागले. मागोमाग उमेंद्रजी.

पहिल्या मजल्यावर देवघेवीच्या टेबलाशी आचल मॅडम बसायच्या. पंचविशीची मुलगी, आवाज इतका मऊ की भांडायला निघालेला माणूस आधी खुर्ची ओढून बसे. केवलरामजींनी पुस्तकाचं विचारलं, तिनं कॉम्प्युटरात पाहिलं.

"मशरूमचं ना काका? काल परत आलं, आज सकाळी नऊ वीसला दुसऱ्या वाचकानं नेलं."

केवलरामजी टेबलावर ओणवले. "कोनं?"

"ते सांगता येत नाही. वाचकाचं नाव आम्ही कुणाला देत नाही."

"मी काही त्याच्या घरी दरोडा टाकून नाही राहिलो, बाई!"

"नियम आहे काका. पण घाबरू नका. फाटकातून गेल्याची नोंद नाही. पुस्तक इमारतीतच आहे." मग तिनं त्यांच्या कपाळावरचा घाम पाहिला आणि आवाज आणखी मऊ केला. "पुस्तकात काही राहिलं होतं का तुमचं?"

दुसरी संधी. देव माणसाला एका सकाळी यापेक्षा जास्त काय देणार? पण उमेंद्रजी शेजारीच कान देऊन उभे होते.

"छे! मी काय तसा माणूस वाटतो? मले मशरूमचा अभ्यास करायचा आहे. आजच."

"पाहा!" उमेंद्रजींचा ऊर भरून आला. "मॅडम, म्याच सांगतलं होतं याहीले. शेड टाका, पोती लटकवा, काम खतम. याहीनं मनावर घेतलं."

"मग ग्रंथपाल सरांना अर्ज द्या," आचल म्हणाली. "ते मिटिंगमध्ये आहेत. आले की वाचकाला विचारून पाहतील."

आता अर्ज म्हटला की केवलरामजींचं भान सुटतं. घरात आग लागली तरी अग्निशमन दलाला ते 'प्रति' आणि 'विषय' घालूनच कळवतील. समासासाठी कागद दुमडला. वर तारीख घातली. 'विषय' लिहून मात्र पेन अडलं. खरा विषय लिहायची सोय नव्हती. शेवटी लिहिलं, 'मशरूमविषयक ग्रंथ तातडीने अवलोकनार्थ मिळणेबाबत.' खाली सविस्तर कारणं आली, त्यांत शेतीला जोडधंद्याची गरज हा एक परिच्छेद आला, 'सबब' आलं, 'आपला विश्वासू' आलं. सही करून वर पाहिलं तर भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून पन्नास मिनिटं झाली होती. अर्ज फार सुंदर झाला होता. आचलनंही तसं म्हटलं आणि तो एका ट्रेमध्ये ठेवला. ट्रेमध्ये असेच आणखी काही सुंदर अर्ज होते.

पुन्हा फोन. "बाबूजी, सव्वीस. तुमी कुठी आहा?"

"रस्त्यानंच आहो," केवलरामजी म्हणाले. ते खरोखर एका मार्गिकेत उभे होते, शब्दकोश आणि आरोग्य यांच्या मधल्या.

इमारतीतच आहे ना? मग शोधू. त्यांनी टेबलांवरून नजर फिरवायला सुरुवात केली. उमेंद्रजींना त्यांनी वर्तमानपत्राकडे पिटाळलं आणि समोरचं जाड दार लोटून ते आत शिरले. ती अभ्यासिका होती. शंभरेक मुलं-मुली माना खाली घालून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होती. पंख्याची घरघरही तिथं उद्धट वाटत होती. केवलरामजी टाचा उचलून रांगेरांगेतून फिरू लागले. जाड पुस्तक दिसलं की वाकून मुखपृष्ठ पाहायचं. इतिहास. भूगोल. पुन्हा इतिहास. एका मुलीच्या कोपराखाली हिरवं जाड पुस्तक होतं. त्यांनी ते हळूच ओढलं, तशी तिनं त्यांच्याकडे अशी नजर टाकली की त्यांनी दोन्ही हात वर केले. हात वर असतानाच खिशात फोन वाजला. दुकानातल्या फवारणी पंपाच्या आवाजात ऐकू यावी म्हणून रिंगटोन मुद्दाम मोठी ठेवली होती. शंभर माना वर झाल्या.

"बाबूजी, एकतीस! साहेब जल्दी जल्दी करून राहिले!"

उत्तर द्यायच्या आत मनिराम आला. कॅमेऱ्यात त्यानं सगळं पाहिलं होतं. "काकाजी, तुमी पोराईच्या पुस्तकाले हात लावून राहिले. तुमाले पाहिजे तरी काय?"

शंभर तरुण माणसं पाहत होती. यांतली निम्मी उद्या तलाठी, तहसीलदार होणार. यांच्यासमोर केवलराम टेंभरे यांना दंडाला धरून बाहेर काढण्यात आलं. मनिरामनं धरलं हळूच होतं; पण धरलं होतं.

बाहेर बाकावर बसून त्यांनी नाक चोळलं. बारा वाजून दहा मिनिटं. दुर्गेश्वरीचा चेहरा डोळ्यांसमोर आला. मागच्या वर्षी त्या एका मार्काची बातमी आली तेव्हा पोरगी रडली नव्हती. अंगणातली भांडी घासत बसली होती, घासलेलीच भांडी पुन्हा. आणि मग इतक्या उशिरा, एखाद्या लहान मुलाला सुचली असती ती गोष्ट त्यांना सुचली. मशरूमचं पुस्तक या इमारतीत आज कुणाला लागणार? तिसऱ्या मजल्यावर बचत गटाच्या बायकांचं प्रशिक्षण कशाचं होतं?

मशरूमचं.

लिफ्ट खाली होती, थांबायला वेळ नव्हता. ते जिन्यानं निघाले. दुसऱ्या मजल्यावर दम लागला. सभागृहाच्या दाराशी पोचले तेव्हा आत साठ बायका बसल्या होत्या आणि समोर एक सर सांगत होते की भुसा किती वेळ उकळावा. मागच्या रांगेतली एक म्हातारी म्हणत होती, "कायले उकळाचा जी? आमाले तं सात्या, रानातलं मशरूम, फुकट भेटते." सगळ्या हसत होत्या. तेवढ्यात दार उघडलं, घामानं निथळणारे केवलरामजी दिसले आणि हसणं थांबलं. तिसऱ्या रांगेत निर्मलाबाई उभ्या राहिल्या.

"अजी, काय झालं? पोरगी बरी आहे ना?"

साठ बायका, एक सर आणि धापा टाकत मागून पोचलेले उमेंद्रजी. याहून वाईट सभा शोधून मिळाली नसती. केवलरामजींनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा बायकोकडे.

"जात वैधताचं ओरिजिनल," ते म्हणाले. "म्या पुस्तकात ठेवलं होतं. मशरूमच्या. तुले सांगतलं नाही. पोरीचा नंबर येऊन राहिला. सापडत नाही."

निर्मलाबाईंनी कपाळाला हात लावला नाही, की 'बरं झालं' म्हणाल्या नाहीत. त्या मागं वळल्या. "रुख्माबाई! ते पुस्तक दे वं."

रुख्माबाई ही दवनीवाड्याचीच, निर्मलाबाईंच्या गटातली. काल निर्मलाबाईंनीच तिला हे पुस्तक सुचवलं होतं. केवलरामजींनी ते हिसकावलं, उघडलं, उलटं धरून झटकलं. त्यातून एक बसचं तिकीट पडलं. बाकी काही नाही.

त्यांनी तिकीटही उलटून पाहिलं. सरांनी पटकन आपली खुर्ची पुढे केली.

"कागद होता ना!" रुख्माबाई म्हणाली. "शिक्क्याचा, फोटोचा... सकाळीच सापडला. नाव वाचता येण्याएवढं माह्या चष्म्यातून दिसत नाही, बाई. खाली भिंतीवर लिहून आहे ना, सापडलेल्या वस्तू पहारेकऱ्याजवळ द्या. तसा देला."

"कोन्या पहारेकऱ्याजवळ?"

"तोच, मनिराम. तो तं सकाळपासून ज्याले त्याले विचारून राहिला, काही हरवलं का म्हणून."

उमेंद्रजींनी घसा साफ केला. "म्या जाडं पुस्तक सांगतलं होतं, केवलरामजी. लायब्ररीचं कुठी सांगतलं?"

"तुमी चूप बसा जी," निर्मलाबाई म्हणाल्या, आणि नवऱ्याचा हात धरून निघाल्या.

फाटकाशी मनिरामनं टेबलाचा खण उघडला. एक छत्री, दोन चष्मे, एकाच पायातली चप्पल आणि त्यांच्याखाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, दुर्गेश्वरी केवलराम टेंभरे. केवलरामजींनी हात पुढे केला, तसा मनिरामनं कागद मागं घेतला.

"रजिस्टर भरा पहले. काकाजी, सुबहच तं विचारलं होतं मी तुमाले!"

"हो," केवलरामजी म्हणाले. फोन वाजत होता. छत्तीस.

रजिस्टरमध्ये नाव, पत्ता, वस्तूचे वर्णन असे रकाने होते आणि शेवटी एक रुंद रकाना, 'हरवण्याचे कारण'. इथं परिच्छेद बसला असता. अनवधानाने, अपरिहार्य परिस्थितीमुळे, कौटुंबिक व्यस्ततेमुळे. चांगले चांगले शब्द पेनाच्या टोकाशी येऊन उभे राहिले. केवलरामजींनी लिहिलं, 'माझी चूक.' सही केली. उमेंद्रजी खांद्यावरून वाचत होते. वाचू दिलं.

मग स्कूटर. निर्मलाबाई मागं, प्रमाणपत्र त्यांच्या पदराखाली दोन्ही हातांनी धरलेलं, बाजारातली गर्दी, एक बैलगाडीएवढी रुंद मालवाहू रिक्षा मधोमध आडवी. "बाजू व्हा! बाजू व्हा जी!" निर्मलाबाई ओरडत होत्या. एकतीस वर्षांत केवलरामजींनी हा आवाज ऐकला नव्हता. पुलावर फोन पुन्हा वाजला. कुणी उचलला नाही. उचलून ऐकायचं काय होतं?

कचेरीच्या व्हरांड्यात पोचले तेव्हा पाऊण वाजून गेला होता. भिंतीवरचा लाल आकडा चव्वेचाळीस दाखवत होता.

केवलरामजी जागीच थांबले. एक्केचाळीस केव्हाच होऊन गेला होता. निर्मलाबाईंचा हात त्यांच्या दंडावर घट्ट झाला. आणि खांबामागून दुर्गेश्वरी आली, चालत, नेहमीसारखी, वेणी खांद्यावर टाकून.

"आणलं?"

"पोरी, तुहा नंबर..."

"मागच्या तिघींले पुढं जाऊ देलं. साहेबाले विचारूनच. ते म्हणाले, एकच्या आत टेबलासमोर उभी राहा, चालते." तिनं आईच्या पदराखालून प्रमाणपत्र काढून घेतलं, फाइलमध्ये लावलं, पाणी प्यायली आणि चव्वेचाळीसवाली बाहेर येताच आत गेली.

दारातून दिसत होतं. साहेब एकेक कागद उलटत होते, मूळ प्रत, झेरॉक्स, मूळ प्रत, झेरॉक्स. जात वैधतेपाशी त्यांनी कागद उजेडाकडे धरला. निर्मलाबाई तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होत्या. साहेबांनी कागद खाली ठेवला. शिक्का उचलला. तो शाईच्या डबीत नीट टेकवला, एकदा, दोनदा, जणू त्यांना दिवसभर हे एकच काम होतं. मग ठप्प.

दुर्गेश्वरी बाहेर आली. "झालं," म्हणाली. निर्मलाबाई व्हरांड्याच्या पायरीवर मटकन बसल्या आणि पदरानं डोळे पुसू लागल्या.

"बाबूजी," दुर्गेश्वरी हळूच म्हणाली, "कागद सापडून नाही राहिला, हे मले पहिल्याच फोनले समजलं होतं."

"मंग बोलली काऊन नाही?"

"तुमी सांगाल म्हणून वाट पाहून राहिली होती."

केवलरामजींनी फाइल घ्यायला सवयीनं हात पुढे केला. दुर्गेश्वरीनं ती आपल्या बॅगेत ठेवली, चेन ओढली, आणि आईला उठवायला वाकली.

जरा दूर बाकावर एक गृहस्थ बसले होते, बहुतेक कुणा मुलीचे वडील. मांडीवर उघडी पिशवी. त्यातले कागद ते काढत होते, मोजत होते, परत ठेवत होते, आणि कुणी पाहिलं की उगाच हसत होते. कपाळ घामानं डबडबलेलं. केवलरामजींनी ते पाहिलं. मग बायको-मुलीला "आलोच" म्हणून त्या बाकाशी गेले आणि गृहस्थांच्या शेजारी बसले.

"काही नाही जी, असाच बसलो," गृहस्थ घाईघाईनं म्हणाले. "सगळं बराबर आहे."

"असंल," केवलरामजी म्हणाले. "पन माह्यं आयका. आज सकाळी म्या काय करून ठेवलं, ते सांगतो." आणि चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.